‘यंग डॅनल बून’: शिकाऱ्याची दंतकथा आणि केंटकीच्या जमिनीचा गुंता

सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘यंग डॅनल बून’ ही मालिका सुरू झाली. डॅनियल बून म्हणजे अमेरिकन दंतकथांमधला मोठा माणूस. खांद्यावर लांब नळीची बंदूक टाकून डोंगरापलीकडच्या रानात शिरलेला, आज अमेरिकेचं राज्य असलेल्या केंटकीची वाट उघडणारा शिकारी. मालिकेने त्याचं ऐन तरुणपण घेतलं होतं. रिक मोझेस हा देखणा नट बून झाला होता आणि रानात त्याच्यासोबत तिघे होते: पीटर नावाचा बारा वर्षांचा इंग्रज पोरगा, हॉक हा मालकाकडून पळून आलेला कृष्णवर्णीय गुलाम, आणि त्सिस्क्वा हा चेरोकी जमातीचा तरुण. घरी रेबेका ब्रायन त्याची वाट बघत असते. त्यांचं लग्न अजून व्हायचं आहे.

सोमवारी रात्री ही मालिका लागायची तेव्हा समोर दुसऱ्या वाहिनीवर ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ होती आणि तिने घरोघरी बस्तान बसवलेलं होतं. चार भाग दाखवून झाल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच ‘यंग डॅनल बून’ बंद पडली.

इतक्या लवकर आटोपलेल्या मालिकेबद्दल आज लिहावंसं वाटतं, कारण तिने बूनच्या आयुष्यातली जी वर्षं निवडली, त्यांच्या लगेच पुढच्या वर्षांत अमेरिकेतल्या एका फार मोठ्या भानगडीचं मूळ आहे. केंटकीची जमीन नेमकी कोणाची होती, ती कोणी कोणाला विकली आणि विकायचा अधिकार कोणी दिला, ही ती भानगड. ती समजली की बूनची सगळी साहसं वेगळीच दिसायला लागतात, आणि मला तरी ती जास्त थरारक वाटतात.

आधी थोडं पडद्याविषयी. ‘वेस्टर्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर माळरान, काउबॉय, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि शेरिफ येतो. तो काळ १८६० नंतरचा. बूनची गोष्ट त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. अटलांटिकच्या किनाऱ्याला तेरा इंग्रज वसाहती होत्या आणि त्यांच्या पाठीमागे ॲपलाचियन डोंगररांग उभी होती. त्या काळचा ‘पश्चिम’ म्हणजे या डोंगरांपलीकडचं रान. बंदूक चकमकीच्या गारगोटीची, एका वेळी एकच गोळी झाडणारी. दारू ओतायची, कापडात किंवा कातड्यात गुंडाळलेली गोळी नळीत ठासायची, मगच पुढचा बार.

टेलिव्हिजनवर हे रान लोकप्रिय केलं डिस्नेने. डिसेंबर १९५४ ते फेब्रुवारी १९५५ या तीन महिन्यांत डेव्ही क्रॉकेट या दुसऱ्या रानवीरावरचे तीन भाग दाखवले गेले आणि अमेरिकेतल्या पोरांना रॅकूनच्या कातड्याच्या, मागे शेपटी लोंबणाऱ्या टोपीचं वेड लागलं. क्रॉकेट झालेला फेस पार्कर रातोरात तारा झाला. पुढे १९६४ मध्ये एनबीसी वाहिनीला त्याच पार्करला घेऊन तसलीच मालिका करायची होती, पण क्रॉकेट डिस्नेच्या हातात होता. मग पार्कर बून झाला. ही ‘डॅनियल बून’ १९७० पर्यंत चालली, १६५ भाग झाले आणि टोपीची शेपटी बूनच्या मानेवर कायमची येऊन बसली. खऱ्या बूनला ती टोपी मुळीच आवडत नसे, तो रुंद काठाची फेल्टची हॅट घालायचा. हे त्याच्या धाकट्या मुलाने, नॅथनने, म्हातारपणी एका इतिहास-संग्राहकाला सांगून ठेवलेलं आहे.

१९७७ पर्यंत वेस्टर्नची लाट ओसरली होती. वीस वर्षं चाललेली ‘गनस्मोक’ १९७५ मध्ये संपली होती. त्याच १९७७ च्या जानेवारीत गुलामगिरीवरची ‘रूट्स’ ही मालिका सलग आठ रात्री चालली आणि सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. बूनच्या जोडीला पळून आलेला गुलाम आणि चेरोकी मित्र देण्यामागे बदललेल्या हवेचा वाटा असावा, असं मला वाटतं. हेतू चांगलाच होता. त्या दोघांकडे आपण पुढे येऊच.

लग्नाआधीचा बून

खऱ्या बूनचा जन्म १७३४ चा, पेनसिल्व्हेनियातला. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, वडील विणकर आणि लोहार. पुढे कुटुंब दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनातल्या यॅडकिन नदीच्या खोऱ्यात आलं. १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकची इंग्रज फौज फ्रेंचांवर चालून गेली तेव्हा वीस वर्षांचा बून तिच्यात गाडीवान होता. तरुण जॉर्ज वॉशिंग्टनही त्याच फौजेत ब्रॅडॉकच्या हाताखाली होता. मोनोंगहेला नदीकाठी फौजेची दाणादाण उडाली. बूनने गाडीचे जोते कापले, घोड्यावर मांड टाकली आणि जीव वाचवला. याच मोहिमेत त्याला जॉन फिन्ली नावाचा एक व्यापारी भेटला. फिन्ली मूळनिवाशांशी व्यापार करायला केंटकीत जाऊन आलेला होता आणि तिथल्या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगायचा.

लग्नाआधीची खरी साहसं म्हणायची तर इतकीच. १७५६ मध्ये बूनने रेबेकाशी लग्न केलं आणि तो शेतीला लागला. ॲपलाचियन डोंगरांतली कंबरलँड खिंड ओलांडून तो केंटकीच्या आत शिरला ते १७६९ मध्ये. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, सहा मुलांचा बाप होता आणि सातवं मूल वाटेवर होतं. पडद्यावरचा बून मोकळा तरुण आहे, रान त्याला हाक मारतं म्हणून तो जातो. कागदपत्रांतल्या बूनवर उधारीचे दावे झालेले आहेत आणि घरात तोंडं वाढत चालली आहेत.

रेबेकाबद्दलही सांगायला हवं. १७६५ मध्ये बून फ्लोरिडाला जाऊन आला आणि तिकडेच राहायला जाऊ म्हणाला. रेबेकाने माहेरच्या माणसांपासून इतकं दूर यायला साफ नकार दिला, आणि बेत बारगळला. नवरा दोन-दोन वर्षं रानात असताना शेत, गुरं आणि पोरं तिने सांभाळली. मालिकेतली वाट बघणारी मुलगी तिच्यापुढे फारच फिकी आहे.

हरणाचं कातडं

मग बून रानात कशासाठी जायचा? कातड्यांसाठी. त्या काळी युरोपात हरणाच्या मऊ कातड्याच्या विजारी आणि हातमोजे मोठ्या प्रमाणात बनत. वसाहतीतला शिकारी शरद ऋतूत निघायचा, महिनोन्‌महिने डोंगरापलीकडे राहायचा आणि घोड्यांवर कातडी लादून परतायचा. अशांना ‘लाँग हंटर’ म्हणत.

कामात रोमांच कमी आणि कष्ट जास्त. हरीण पडलं की ते सोलायचं. कातड्यावरचे केस आणि आतली चरबी खरवडून काढायची. मग लाकडी फळीच्या धारेवर ते कातडं पुढे-मागे घासत राहायचं, ताठपणा जाऊन लवचीक होईपर्यंत. अशी अर्धवट कमावलेली कातडी घडी करून थप्प्या लावायच्या आणि उंच माचाणावर झाकून ठेवायच्या, कारण लांडगे आणि अस्वलं खाली टपलेलीच असत. हिवाळ्यात हरणाचं कातडं चांगलं उतरत नाही, तेव्हा बीव्हर आणि पाणमांजरांसाठी सापळे लावायचे. बंदुकीची दारू, शिसं, सापळे, घोडे ही सगळी सामग्री उधारीवर घेतलेली. कातडी पोचली तर उधारी फिटणार. नाही पोचली तर ती पुढच्या हंगामावर चढणार.

१ मे १७६९ रोजी बून, फिन्ली, बूनचा मेहुणा जॉन स्ट्युअर्ट आणि तळ सांभाळायला आणखी तिघे निघाले. कंबरलँड खिंडीतून ते केंटकीत उतरले. सहा-सात महिने शिकार झाली, माचाणं भरली. डिसेंबरात बून आणि स्ट्युअर्ट शॉनी या मूळनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांच्या एका टोळीच्या हाती लागले. तिच्या म्होरक्याला गोरे लोक कॅप्टन विल म्हणत. त्याने दोघांना एकेका तळावर न्यायला लावलं आणि सगळी कातडी, घोडे, बंदुका ताब्यात घेतल्या. मग जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत बोलकं वाटतं. त्याने त्यांना मारलं नाही. घरी पोचता यावं म्हणून चामडी जोडे दिले, ते सांधायला एक कातडं दिलं, एक छोटी बंदूक आणि थोडी दारूगोळी दिली, आणि सांगितलं की ही आमची शिकारीची जागा आहे, इथली जनावरं आमची आहेत, पुन्हा आलात तर गांधीलमाश्या डसतील.

शॉनींच्या बाजूने बघा. त्यांच्या रानात चोरून शिकार करणारी माणसं सापडली, माल जप्त केला, समज दिली आणि सोडून दिलं. कायदा मोडणारा इथे बून होता. 

बून मागे फिरला नाही. धाकटा भाऊ स्क्वायर रसद घेऊन येऊन मिळाला. १७७० मध्ये स्ट्युअर्ट एकटा शिकारीला गेला तो परतलाच नाही. पाच वर्षांनी त्याची हाडं एका पोकळ झाडाच्या ढोलीत सापडली, शेजारी नावाची अक्षरं कोरलेलं दारूचं शिंग होतं. नंतर स्क्वायर रसद आणायला गेला आणि बून जवळजवळ तीन महिने रानात एकटा राहिला. त्याआधी सोबती बरोबर असताना तळावर शेकोटीपाशी ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ वाचलं जायचं. त्या पुस्तकातल्या लॉर्ब्रुलग्रड या नगरीवरून त्यांनी जवळच्या ओढ्याला नाव दिलं. केंटकीच्या नकाशावर लुल्बेग्रड क्रीक हा ओढा आजही आहे. १७७१ च्या वसंतात दोघे भाऊ माल लादून घराकडे निघाले आणि खिंडीच्या आसपास पुन्हा लुटले गेले. दोन वर्षांच्या मेहनतीनंतर बून रिकाम्या हाताने घरी आला.

जमीन कोणाची?

आता मूळ भानगड. मालिकेत केंटकी हे रिकामं रान वाटतं, आणि १७६९ मध्ये तिथे कायमची गावं जवळजवळ नव्हतीच, हेही खरं. पण ते बेवारस नव्हतं. शॉनी ओहायो नदीच्या उत्तरेला राहत आणि शिकारीला दक्षिणेला केंटकीत उतरत. चेरोकी दक्षिणेकडून येत. न्यूयॉर्कच्या बाजूची इरोक्वाय राष्ट्रं जुन्या विजयांच्या जोरावर त्याच मुलखावर हक्क सांगत. एकाच रानावर तिघांचा वावर होता आणि कोणाकडेही इंग्रजी कोर्टात चालेल असा कागद नव्हता.

पहिला कागद इंग्लंडच्या राजाचा. फ्रेंचांशी लढाई संपल्यावर ऑक्टोबर १७६३ मध्ये तिसऱ्या जॉर्जने जाहीरनामा काढला: ॲपलाचियन रांगेच्या पलीकडे वसाहतीतल्या लोकांनी वस्ती करायची नाही आणि मूळनिवाशांकडून खासगीत जमीन विकत घ्यायची नाही, खरेदी फक्त राजाच्या नावाने होईल. राजाला दया आली असं काही नव्हतं, सरहद्दीवरची नवी युद्धं खजिन्याला परवडणारी नव्हती. हा हुकूम मोडायला बडे लोकच पुढे होते. १७६७ मध्ये वॉशिंग्टनने आपल्या ओळखीच्या एका मोजणीदाराला पत्र लिहून पलीकडची चांगली जमीन गुपचूप हेरून ठेवायला सांगितलं होतं.

दुसरा कागद १७६८ चा. फोर्ट स्टॅनविक्स इथे इरोक्वाय राष्ट्रांनी ओहायोच्या दक्षिणेचा प्रचंड मुलूख इंग्रजांना लिहून दिला. ते स्वतः तिथे राहत नव्हते. तिथे शिकार करणाऱ्या शॉनींची संमती कोणी घेतली नाही. पुढची पंचवीस वर्षं ओहायोच्या खोऱ्यात जे रक्त सांडलं, त्याचं मोठं कारण या करारात आहे.

तिसरा कागद रिचर्ड हेंडरसन या नॉर्थ कॅरोलिनातल्या वकील-न्यायाधीशाचा. मार्च १७७५ मध्ये सिकमोर शोल्स इथे त्याच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकी पुढाऱ्यांकडून सुमारे दोन कोटी एकर जमीन घेतली. किंमत होती दहा हजार पौंडांच्या आसपासचा माल: कापड, बंदुका, भांडीकुंडी. तरुण चेरोकी योद्धा ड्रॅगिंग कनू याचा या व्यवहाराला कडाडून विरोध होता. त्याचा बाप अटाकुल्लाकुल्ला विकणाऱ्यांत होता आणि पोरगा सभेतून उठून गेला.

राजाचा हुकूम असताना हेंडरसनने हे केलं कशाच्या बळावर? इथे गोष्ट चक्क आपल्याकडे येते. १७५७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये विचारणा केली होती की हिंदुस्थानात मिळालेला मुलूख कोणाचा. चार्ल्स प्रॅट आणि चार्ल्स यॉर्क या राजाच्या दोन कायदे-अधिकाऱ्यांनी मत दिलं: लढून जिंकलेला मुलूख राजाचा, पण मुघल बादशहाकडून किंवा ‘इंडियन’ राजांकडून तहाने वा सनदेने मिळालेली जमीन कंपनीच्या मालकीची, तिला राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही. काही वर्षांनी या मताच्या नकला अमेरिकेत फिरू लागल्या, आणि त्यांतून मुघलांचा उल्लेख गळाला होता. उरले नुसते ‘इंडियन’ राजे. जमिनीच्या सौदागरांनी ते शब्द चेरोकी आणि शॉनींना लावले आणि हेंडरसननेही त्यावर भिस्त ठेवली. ज्या मताचा विषय बंगाल होता, त्याच्या आधाराने केंटकी विकत घेतली गेली. बूनच्या कुठल्याही मालिकेत हे येत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण यातून एकच साम्राज्य दोन खंडांत कसं काम करत होतं ते एका कागदावर दिसतं.

या सौद्यात बून हेंडरसनचा माणूस होता. चेरोकींना बोलणीसाठी जमवायला त्याने मदत केली आणि सौदा पुरता होण्याआधीच सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन तो खिंडीतून केंटकीपर्यंतची वाट तोडायला निघाला. हीच पुढची ‘वाइल्डरनेस रोड’. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लाखाहून अधिक माणसं केंटकीत पोचली, त्यांतली पुष्कळशी याच वाटेने. वाट संपली तिथे बून्सबरो ही तटबंदीची वस्ती उभी राहिली.

आता हॉक आणि त्सिस्क्वा. त्या रानात कृष्णवर्णीय माणसं खरोखर होती, पण बहुतेकांच्या वाट्याला मैत्रीऐवजी मालकी आली. ऑक्टोबर १७७३ मध्ये बूनने पहिल्यांदा कुटुंबकबिला घेऊन केंटकीला जायचा प्रयत्न केला तेव्हा मागे राहिलेल्या छोट्या तुकडीवर हल्ला झाला आणि त्याचा सोळा वर्षांचा थोरला मुलगा जेम्स हालहाल होऊन मेला. ती हकिगत कळली ॲडम नावाच्या एका गुलामामुळे. तो नदीकाठच्या ओंडक्यांखाली लपून सगळं बघत होता आणि नंतर कित्येक दिवस रानात भटकत माणसांत पोचला. १७७५ मध्ये वाट तोडताना पहाटेच्या हल्ल्यात जे मेले त्यांत सॅम नावाचा गुलाम होता. १७७८ मध्ये बून शॉनींच्या कैदेत होता तेव्हा त्यांचा दुभाष्या पॉम्पी हा कृष्णवर्णीयच होता. आणि १७८० च्या दशकात खुद्द बूनच्या नावावर गुलामांची नोंद आहे. हॉकसारखा जिवलग सोबती कागदपत्रांत सापडत नाही. ॲडम मात्र सापडतो, आणि त्याच्यावर कोणी मालिका केली तर मी ती पहिल्या भागापासून बघेन.

चेरोकी मित्राचंही तसंच. बूनचे मूळनिवाशांशी संबंध शत्रुत्वापुरते नव्हते. शॉनी सरदार ब्लॅकफिशने त्याला मुलगा मानून घरात घेतलं होतं, शेल्टोवी म्हणजे मोठं कासव असं नाव दिलं होतं. चार महिन्यांनी बून तिथून पळाला, आणि सप्टेंबरात तोच ब्लॅकफिश बून्सबरोला वेढा घालून बसला. माया आणि जमिनीचं भांडण एकाच वेळी चालू होतं.

हे सगळं मागे पडून नुसता रानवीर कसा उरला? त्याची सुरुवात १७८४ मध्ये झाली. जॉन फिल्सन या शाळामास्तराने केंटकीवर एक पुस्तक छापलं आणि त्याच्या शेवटी बूनची साहसं बूनच्याच तोंडी घातली. फिल्सनने स्वतः केंटकीत हजारो एकर जमीन घेऊन ठेवली होती आणि तिला गिऱ्हाईक हवं होतं. बूनची दंतकथा पहिल्यांदा छापली गेली ती जमिनीची जाहिरात म्हणून. पुस्तकाची भाषांतरं युरोपात गेली, इंग्रज कवी बायरनने बूनवर ओळी लिहिल्या, पुढे कादंबऱ्या, नाटकं, सिनेमे आणि शेवटी फेस पार्कर व रिक मोझेस आले.

बूनच्या पदरात मात्र जमीन टिकली नाही. व्हर्जिनियाच्या सरकारने १७७८ मध्ये हेंडरसनची खरेदी रद्द ठरवली. हेंडरसनला नुकसानभरपाई म्हणून दोन लाख एकर मिळाले, बूनला त्या कंपनीने कबूल केलेले दोन हजार एकर बुडाले. पुढे बूनने स्वतः मोजणीदाराचं काम केलं. केंटकीत तेव्हा गट नंबर नव्हते, सलग मोजणी नव्हती. अमुक ओढ्यापासून तमुक खूण केलेल्या झाडापर्यंत, असं लिहून दावा नोंदवायचा. त्यामुळे दावे घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढले. एकेक जमीन तीन-चार जणांच्या नावावर निघायची, कोर्टकज्जे व्हायचे आणि कागद पक्का असलेला जिंकायचा. कागद पक्का करण्यात बून कच्चा होता. त्याचे हजारो एकरांचे दावे एकेक करून गेले, आणि त्याच्या मोजणीवर विसंबलेल्या लोकांनी त्याच्यावरच खटले भरले. १७९९ मध्ये तो केंटकी सोडून मिसूरीला गेला. तिथे तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि स्पेनच्या अधिकाऱ्यांनी त्याला जमीन दिली. पुढे मिसूरी अमेरिकेकडे आली तेव्हा तीही गेली, कारण कागदाची पूर्तता झालेली नव्हती. म्हाताऱ्या बूनने राजधानीत, अमेरिकेच्या सरकारकडे अर्ज केला. १८१४ मध्ये काँग्रेसने त्यातली साधारण साडेआठशे एकर जमीन त्याला परत दिली, आणि केंटकीतल्या जुन्या घेणेकऱ्यांचे पैसे चुकवण्यासाठी त्याने तीही विकून टाकली.